बुधीबाईच्या अंगणातले टेकू

चोपड्याहून उत्तरेला निघालं की केळीच्या बागा संपतात न संपतात तोच सातपुडा सुरू होतो. मधे मुरमाड टेकाडांची एक पट्टी आहे, तिच्यावर पावरा लोकांचा झिरेपाडा. पाड्याच्या वरच्या अंगाला एक उतरण आणि उतरणीच्या पायथ्याशी एक झिरा. खालच्या गावातल्या विहिरींनी तळ दाखवला तरी हा झिरा बोटभर धारेनं का होईना वाहत असायचा. बुधीबाई लग्न होऊन पाड्यात आली तेव्हा सासूनं तिला आधी हा झिरा दाखवला, मग अंगणाच्या कडेचं मोहाचं झाड दाखवलं आणि चूल सगळ्यात शेवटी दाखवली. यात चूक काहीच नव्हती. पहिली दोन असतील तरच तिसरी पेटते.

रान सरकारचं असलं तरी रानातला कोणता मोह कुणाच्या घरचा, हे पाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. त्याला कागद लागत नाही आणि त्यावरून कधी तंटाही होत नाही. सासू गेली आणि मोह बुधीबाईचा झाला. नवरा वेस्ता अबोल माणूस. बायकोच्या तोंडाला मात्र विसावा नव्हता. वेस्ता महिनाभरात जेवढं बोले तेवढं ती झिऱ्यावर हंडा भरेपर्यंत बोलून मोकळी व्हायची. पाड्याची भाषा पावरी, पण खालच्या बागांमध्ये मजुरीला जाऊन जाऊन तिनं अहिराणी अशी उचलली होती की बाजारात भाजीवालीनं तिच्याशी घासाघीस करायचं सोडून दिलं.

तिचं काम होतं टेकूचं. केळीचा घड भरत आला की झाड गरोदर बाईसारखं एका अंगाला कलतं. त्यात वैशाखाचा वारा सुटला की वर्षाची मेहनत एका संध्याकाळी आडवी होते. म्हणून प्रत्येक झाडाला एक टेकू द्यायचा. टेकू म्हणजे सरळसोट लाकूड, वरच्या टोकाला बेचकं. त्या बेचक्यात केळीची मान अडकवली की झाड वाऱ्याला दाद देत नाही. लाकूड धावड्याचं सगळ्यात चांगलं. पण धावडा म्हातारा झाला की जाड होतो, वाकडा होतो, त्याचं बेचकं कामाचं राहत नाही. टेकू निघतो तो कोवळ्या झाडाचा. नुकतं अंगानं भरलेलं, अजून फळलं-फुललं नाही असं झाड टेकूला हवं असायचं.

बुधीबाईची नजर या कामात तयार होती. रानात शिरली की कुठल्या झाडाचं बेचकं घट्ट आहे हे तिला लांबूनच कळायचं. पाड्यात सून होऊन आली त्या वर्षापासून ती अभिमन आबांच्या बागेला टेकू पुरवायची. अभिमन आबा खालच्या गावातले मोठे बागायतदार. माणूस तोंडाचा तिखट, मनाचा वाईट नाही. "बुधीना टेकू मोडत नही," असं ते चारचौघांत सांगायचे. आणि बुधीबाईला ते ऐकायला फार आवडायचं. आपल्या कामाची कुणी तारीफ केली की कुणाला आवडत नाही? ती आणखी वर चढायची, आणखी सरळ लाकूड आणायची.

घड ट्रकांतून स्टेशनावर जायचे, तिथून वॅगनीतून दिल्लीला. दिल्लीत केळ्याची साल सोलणाऱ्याला काय माहीत, की या फण्यांच्या खाली चार महिने एक कोवळा धावडा उभा होता म्हणून. आबांनाही त्याचा विचार करायला सवड नव्हती. आणि खरं सांगायचं तर बुधीबाईलाही नव्हती.

ऐंशी साल उलटलं आणि बागा वाढायला लागल्या. जिथं ज्वारी व्हायची तिथं केळी आली, पाइप आले, थेंबाथेंबानं पाणी देणाऱ्या नळ्या आल्या. टेकूंची मागणी वाढत गेली. आधी बुधीबाई झोपडीमागूनच लाकूड आणायची. पुढं टेकाड ओलांडावं लागलं, मग पलीकडचा डोंगर. एक दिवस ती डोंगराच्या माथ्यावर दम खायला बसली आणि आल्या वाटेकडं बघत राहिली. रान दिसत तर होतं. म्हातारे अंजन होते, वाकडे सालई होते, पोकळ झालेले धावडे होते. पण त्यांच्या पायाशी एकही पोर नव्हतं. गावात सगळी म्हातारीच उरावीत आणि पाळणा एकाही घरी हलू नये, तसं ते रान झालं होतं. त्या दिवशी तिनं भारा बांधला, पण बोलली नाही. वेस्तानं संध्याकाळी दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून.

कोवळा धावडा आता एकाच ठिकाणी राहिला होता, झिऱ्यावरच्या उतरणीवर. तिथं कुऱ्हाड न्यायची नाही हे जुन्या माणसांनी सांगून ठेवलेलं. का, ते कुणी सांगत नसे आणि विचारतही नसे. त्या उतरणीवर झाडं होती म्हणून झिरा होता, एवढं सगळ्यांना न सांगता कळत होतं.

त्याच वर्षी हिवाळ्यात एकदा बुधीबाई आबांच्या मळ्यात गेली. आबांच्या घरधनीण कुंदाबाई विहिरीवर आंघोळीचं पाणी तापवत होत्या. बुधीबाई चुलीपाशी हात शेकायला बसली आणि तिची नजर चुलीतल्या लाकडावर गेली. बेचकं अर्धं जळालं होतं, पण तिनं स्वतः तासलेलं बेचकं तिला ओळखू येणार नाही असं कसं होईल? तिनं हात मागं घेतले.

"अक्का, हाई लाकूड तुमना चुल्हामा कसं उनं?"

"घड कापाई गया, मंग टेकूनं काय करनं?" कुंदाबाई म्हणाल्या. "बांधवर पडेल ऱ्हास. पोरी लई येतस. नही ते वाळवी खास."

"मी दोन डोंगर वलांडीसन लई उनू, अक्का. पानी तापाडाले नही."

कुंदाबाई आधी हसल्या, मग तिचं तोंड पाहून उठल्या. त्यांनी लाकूड बाहेर ओढून त्यावर तांब्याभर पाणी टाकलं. जळकं लाकूड परत टेकू होत नाही, पण त्या बाईच्या हातून तेवढं तरी झालं.

मग बुधीबाई आबांच्या पुढ्यात जाऊन बसली. काळ्या ओल्या जमिनीत लाकडाला वाळवी लागते, मुरमावर लागत नाही, हे तिला झोपडीच्या मेढींवरून ठाऊक होतं. ती म्हणाली, "आबा, एक सालमा टेकू मरत नही. घड कापाई गया का बठ्ठा टेकू मन्हाकडे धाडी द्या. मुरूमवर रास करी ठेवसू. वारा सुटाना आगोदर परत लई जा."

आबांनी अडकित्ता थांबवला. "आनि हरपनात तर? ऐन टायमाले मी कोठे जाऊ?"

"हरपनात तर मी नवा तोडी दिसू," बुधीबाई म्हणाली.

नवे तोडून देईन, असं ती सहज बोलून गेली. पण पाड्यात बोललेला शब्द म्हणजे बोललेला शब्द. आबांनाही ते माहीत होतं. त्यांनी सुपारीचं खांड तिच्या हातावर ठेवलं आणि व्यवहार झाला. टेकू राखायची मजुरी तोडण्याइतकीच ठरली. त्यावर घरात कुंदाबाईंनी नाक मुरडलं नाही, उलट स्वतः गाडीवानाला हाक मारली.

पहिल्या वर्षी आबांच्या बागेला नवं लाकूड जवळजवळ लागलंच नाही. अंगणात रास रचताना बुधीबाई खाली दगड मांडायची, लाकडात लाकूड अडकवून हवा खेळती ठेवायची, पावसाळ्यात वरून पळसाची पानं आणि गवत घालायची. उघडीप पडली की उतरवून उन्हात फिरवायची. पाड्यातल्या बायका चेष्टा करायच्या, बुधीला लेकरं कमी पडली म्हणून लाकडं न्हाऊ-माखू घालते आहे. शेजारची सुगंधाबाई तर रोज विचारायची, आज कुणाला ताप आहे का? बुधीबाईही तिला तोडीस तोड उत्तर द्यायची आणि दोघी हसत हसत झिऱ्यावर जायच्या.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या बागायतदारांनीही आपापले टेकू धाडले. वनखात्याच्या गार्डसाहेबांनी, आपल्या कडक बंदोबस्तामुळे तोड थांबली, असं वर कळवलं म्हणे. आयत्या बिळावर नागोबा! बुधीबाईला ते कुणीतरी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, सांगू दे, साहेबाच्या सांगण्यानं धावडा काही कमी वाढत नाही. आणि खरंच तो वाढत होता. झिऱ्यावरच्या उतरणीवरची कोवळी झाडं आता माणसाच्या डोक्यावर गेली होती. टेकाडापलीकडच्या खुंटांनाही धुमारे आले होते. ती संध्याकाळी हंडा भरून झाला तरी उगीच थोडी तिथं बसायची. या रानाला आता परत पोरं होतील असं तिला वाटायला लागलं होतं. आयुष्यात तिला स्वतःचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

तिसऱ्या वर्षी रास अंगणात मावेना. एका बागायतदाराच्या गाड्या ती बाजाराला गेली असताना आल्या आणि गाडीवानांनी लाकडं मोहाच्या बाजूनं ओतली. आली तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. पण हलवायची म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम, आणि मोहाची फुलं आज-उद्या गळायला लागणार. मोहाचा हंगाम होऊन जाऊ दे, मग हलवू, असं तिनं ठरवलं.

मोहाची फुलं पहाटे गळतात आणि खाली पाचोळा असला तर त्यात हरवून जातात. म्हणून फुलं यायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळून जागा स्वच्छ करायची, ही तिकडची रीत. बुधीबाईच्या सासूनं तसंच केलं, सासूच्या सासूनंही तसंच. भोवती पट्टा झाडून घ्यायचा, सकाळी वारा पडलेला असताना पेटवायचं आणि हातात ओला डहाळा घेऊन उभं राहायचं. जाळ पट्ट्याकडं सरकला की झोडपायचा. बुधीबाईनं त्या सकाळी सगळं असंच केलं. रास जवळ होती म्हणून त्या बाजूचा पट्टा दुप्पट रुंद झाडला. पाचोळा जळून काळी राख झाली, धूर विरला. तिनं डहाळ्यानं एकदा सगळीकडं झोडपलं आणि हंडा घेऊन झिऱ्यावर गेली.

मोहाच्या बुंध्याशी मुळांमध्ये एक पोकळ जागा होती. तिथं कुजकं लाकूड आणि पाचोळा साठलेला. त्यात धग राहिली, ती कुणाला दिसली नाही. दुपार कलायच्या आत वारा उठला. त्यानं ती धग फुंकली, ठिणग्या रुंद पट्ट्यावरून पलीकडं गेल्या आणि राशीच्या कडेच्या गवतावर पडल्या.

लाकूड ओलं असतं तर ते धुमसलं असतं, कुणाला तरी धूर दिसला असता, विझवता आलं असतं. पण बुधीबाईनं तीन वर्षं ते वाळवलं होतं. हवा खेळावी म्हणून फटी ठेवल्या होत्या. तिची एकेक काळजी त्या दिवशी आगीच्या कामी आली. ती झिऱ्यावरून धावत आली तेव्हा रास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटली होती. सगळा पाडा हंडे घेऊन धावला, पण बोटभर धारेचं पाणी आगीला किती पुरणार? वेस्तानं झोपडीचं छप्पर ओढून पाडलं म्हणून घर वाचलं. बुधीबाई जळती लाकडं हातानं बाहेर ओढत होती. सुगंधाबाईनं तिला कमरेला धरून मागं खेचलं, नाहीतर ती त्यातच गेली असती.

मोहाला एका बाजूनं झळ लागली, बाकी काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी अभिमन आबा आले. राखेच्या ढिगापाशी उभे राहिले. बुधीबाईचे हात पळसाच्या पानांत बांधलेले होते. ती वाट बघत होती की हा तिखट माणूस आता तोंड सोडेल. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पण आबा मोहाखाली दगडावर बसले आणि डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी तुले काही बोलत नही, बाई. पन घड भरी ऱ्हायनात. वारा काही आपली वाट दखत नही."

"मी बोलेल शे, आबा," बुधीबाई म्हणाली. "तोडी दिसू."

वाऱ्याच्या आधी एवढं लाकूड मिळेल अशी एकच जागा होती. ती कोणती, हे आबांना माहीत होतं, वेस्ताला माहीत होतं, आणि तिला तर होतंच. पलीकडच्या डोंगरावरचे धुमारे अजून मनगटाएवढेही नव्हते. त्या संध्याकाळी वेस्ता कधी नव्हे ते बोलला. शब्द तू एकटीनं दिलास, झिरा सगळ्यांचा आहे, असं म्हणाला. बाकीच्या बागायतदारांचे गडी कुऱ्हाडी घेऊन निघालेच होते, आपण नाही गेलो तरी उतरण उरणार नाही, एवढंच ती म्हणू शकली. आपण गेलो तर निदान बुडाशी तिरपा, स्वच्छ घाव घालू, धावडा पुन्हा फुटेल. हे तिनं वेस्ताला सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं.

भाजलेल्या हातांना चिंध्या गुंडाळून ती उतरणीवर चढली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. दांडा निदान लाकडाचा असतो, त्याला रडू येत नाही. बुधीबाई पहिला घाव घालताना रडली आणि मग नेटानं कामाला लागली. गड्यांना ओरडून ओरडून सांगत होती, बुडाशी घाला, तिरपा घाला. तिनं पाठ फिरवली की ते कमरेएवढ्या उंचीवर, हात पोहोचेल तिथं घाव घालायचे. त्यांना घाई होती. गाड्या खाली उभ्या होत्या आणि आकाश पिवळं व्हायला लागलं होतं. टेकू वेळेवर पोहोचले. त्या वैशाखात आबांच्या बागेत एकही झाड पडलं नाही.

पावसात खुंटांना धुमारे आले. बुधीबाईनं भोवती काट्या लावल्या. पण एकदा गाडीवाट पडली की ती बुजत नाही. त्या वाटेनं शेळ्या आल्या, सरपणवाले आले, पुढच्या उन्हाळ्यात परत टेकूवाले आले. आता कुणी लाकडं राखायला तिच्याकडं धाडत नव्हतं आणि तिनंही मागितली नाहीत. पाऊस उघड्या उतरणीवरून माती घेऊन खाली यायला लागला. झिरा त्या वर्षी वैशाखात आटला, पुढच्या वर्षी चैत्रात, मग शिमग्याच्याही आधी. शेवटी तिथं नुसता ओला दगड राहिला आणि एक दिवस दगडही कोरडा झाला.

पाड्यातल्या बायका पाण्याला खाली आबांच्या मळ्यातल्या विहिरीवर जायला लागल्या. तिला कुणी वाईट बोललं नाही. पण हंडे घेऊन जाणाऱ्या रांगेत ती येऊन मिळाली की चाललेलं बोलणं थांबायचं. सुगंधाबाई सगळ्यात जास्त गप्प व्हायची, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागायचं. जिच्या तोंडाला विसावा नव्हता ती बुधीबाई हळूहळू वेस्तासारखी झाली. मोहाखालचा पाचोळा मात्र तिनं पुन्हा कधी जाळला नाही. फाल्गुन लागला की ती झाडाखाली उकिडवी बसायची आणि भाजलेल्या, नीट न मिटणाऱ्या बोटांनी पान अन्‌ पान वेचून टोपलीत भरायची.

अशी काही वर्षं गेली. वेस्ता गेला. आबांचेही पाय आखडले, तरी ते दुपारी काठी टेकत मळ्यात येऊन बसायचे. एका उन्हाळ्यात बुधीबाई विहिरीवर आली तेव्हा बागेत काहीतरी निराळं दिसलं. घड भरलेले होते, झाडं कललेली होती, पण खाली एकही टेकू नव्हता. तिनं हंडा कठड्यावर ठेवला आणि आत गेली. प्रत्येक झाडाच्या मानेला प्लास्टिकची पट्टी बांधलेली होती आणि पट्टीचं दुसरं टोक शेजारच्या झाडाच्या बुंध्याला. एक एकीकडं कललं की दुसरं त्याला ओढून धरायचं. सगळी बाग अशी एकमेकांना बांधलेली.

"आते लाकूड लागत नही," आबा मागून म्हणाले. "बठ्ठास्नी हाईच सुरू करी दिन्हं. दोऱ्यानं बांध, पट्टीनं बांध. झाडले झाड धरस."

बुधीबाईनं पट्टीवरून बोट फिरवलं. प्लास्टिक नसतं तर घायपातीचा दोर चालला असता. घायपात तर पाड्याच्या बांधाबांधावर माजलेली होती, तिच्या दोरानं ती जन्मभर शेळ्या बांधत आली होती आणि लाकडाचे भारेही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो वळसा दोन डोंगर ओलांडून गेला होता आणि झिऱ्यावर येऊन संपला होता.

"इतलंच व्हतं, आबा?" तिनं विचारलं.

काठी बाजूला ठेवून आबा कठड्यापाशी आले, पोहरा विहिरीत सोडला आणि तिचा हंडा भरून दिला.